एका ताटातली मांजरं

रत्नप्रभाच्या घरात भांडण झालं नाही असा दिवस उगवतच नाही, हे कांदिवलीच्या त्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण भांडण नेमकं कोणाचं, ते कोणालाच नीट सांगता आलं नसतं. कधी ते दोन बायकांचं असायचं, कधी दोन मांजरांचं, आणि कधी कधी चौघांचं एकदमच. खालच्या मजल्यावरचे अण्णा म्हणजे देवमाणूस. सुरुवातीला ते दोनतीनदा धापा टाकत जिना चढून आले होते, सोडवायला. दार उघडलं तर दोघी बायका सोफ्यावर मांडीला मांडी लावून लसूण सोलतायत आणि मांजरं त्यांच्या पायाशी लोळतायत. अण्णांना चहा मिळाला, वर विचारणा झाली की एवढ्या उन्हाचे कशाला आलात. मग त्यांनी येणं सोडलं.

रत्नप्रभा थोरली जाऊ, प्रेमा धाकटी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही गिरणीत होते, आणि आता दोघेही या जगात नाहीत. लालबागच्या एका खोलीत, सासूबाई सोनूबाईंच्या हाताखाली, दोघींनी एकाच स्टोव्हवर संसाराला सुरुवात केली. पुढे गिरणी बंद पडली, खोली विकली, आणि रत्नप्रभा कांदिवलीला आली तर प्रेमा वाकोल्याला गेली. गणपतीला आणि लग्नकार्याला भेटायच्या, भांडायच्या, परत जायच्या. गेल्या वर्षी वाकोल्याची प्रेमाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. नवीन घर मिळेपर्यंत तिने मुलाकडे, मुलुंडला नितेशकडे, राहायचं ठरलं होतं. पण प्रेमाकडे एक मांजर होती, सुरमई नावाची, आणि सून निधीला मांजराच्या केसांनी शिंका यायच्या. प्रेमाने त्याच दिवशी फोन लावला आणि जावेला सांगून टाकलं की मी तुझ्याकडे येते आहे, आणि येताना एक तोंड जास्त घेऊन येते आहे. रत्नप्रभाने फोनवर एवढी कुरकुर केली की शेजारणीला वाटलं, कोणीतरी उधारी मागतंय. फोन ठेवला आणि लगेच आतल्या खोलीतलं कपाट रिकामं करायला घेतलं.

खरं सांगायचं तर प्रेमा येण्याआधी त्या घरात दिवसभर टीव्हीच बोलायचा. रत्नप्रभाची मुलगी उत्तरा बंगळुरूला. ती रोज फोन करायची, नाही असं नाही, पण फोन ठेवला की घर पुन्हा आ वासून उभं. बोलायला एकटा भोपळ्या. हा रत्नप्रभाचा बोका. नावासारखाच पिवळा आणि नावासारखाच गोल. त्याला आमटीत मीठ जास्त पडलं का असं विचारलं तर तो काय सांगणार? प्रेमा मात्र पहिल्याच घासाला सांगायची, आणि असं सांगायची की शेजारच्या बिल्डिंगला कळावं. रत्नप्रभाही मग तिच्या वाकोल्याच्या बारा वर्षांच्या आमट्या काढायची. आणि त्या दिवशी दोघीही चपाती जास्तीची खायच्या. हे सुख आहे, हे रत्नप्रभाला कळत होतं. पण ते तोंडाने कबूल करण्यापेक्षा तिने जीभ चावून घेतली असती.

आता मांजरांचं. सुरमई आल्यावर काही दिवस तिला आतल्या खोलीत ठेवलं, दाराच्या फटीतून दोघांना एकमेकांचा वास घेऊ दिला, मग दार उघडलं. आणि त्यानंतर हॉलमध्ये जे काही सुरू झालं, ते बघून दोघींच्या काळजाचं पाणी झालं. भोपळ्या सोफ्याच्या पाठीवरून धपकन सुरमईच्या अंगावर पडायचा, तिची मान तोंडात धरायचा. ती मुठीएवढी पोर, करड्या रंगाची, खाली पडल्या पडल्या मागच्या दोन पायांनी त्याच्या पोटावर लाथा झाडायची. मग दोघं गुंडाळी होऊन टीपॉयखालून टीव्हीच्या टेबलाखाली. स्टूल पडलं, तुळशीची कुंडी थोडक्यात वाचली, पायपुसणं कुठल्या कुठे. मारला रे मारला, म्हणत प्रेमा सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची. रत्नप्रभा स्वयंपाकघरातून कुकरचं झाकण आणि उलथनं घेऊन धावायची आणि दोघांच्या कानाशी दणादण वाजवायची. की दोघं दोन दिशांना. मग दाराआडून फिस्कारणं सुरू व्हायचं, ते अर्धा तास.

बरं, मांजरं तरी कोणाची म्हणायची. सुरमईवर अन्याय झाला की प्रेमा भोपळ्याच्या सात पिढ्या उद्धरायची, आणि रत्नप्रभाला भोपळ्याची बाजू घ्यावीच लागायची. तो मुळात गुणी आहे, तुझीच ती बया त्याला डिवचते, वगैरे. पण हे रोजचं झालं तेव्हा मात्र दोघींनी बसून विचार केला. आणि दोघींना एकाच वेळी एकच उपाय सुचला, कारण दोघी एकाच सासूच्या तालमीत तयार झाल्या होत्या.

सोनूबाईंच्या राज्यात भांडणाला एकच औषध होतं. कोणीही भांडो, पोरं भांडोत, भाऊ-भाऊ भांडोत, सुना भांडोत, त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. जेवणाची वेळ झाली की भांडणाऱ्यांना एका ताटात वाढायच्या. ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही. नवीन लग्न झालेलं असताना या दोघी जावा माशाच्या कालवणातल्या एका तुकडीवरून भांडल्या होत्या, तेव्हा त्यांनाही असंच बसवलं होतं. आधी दोघींनी भातात रेघ ओढून हद्द पाडली. शेवटी उरलेली तुकडी तू खा, तू खा, म्हणत एकमेकींकडे ढकलत बसल्या. एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांचं वाईट चिंतत नाहीत, असं सोनूबाई म्हणायच्या. आणि ताट वेगळं करणं म्हणजे? शिव शिव. ताट वेगळं झालं की चूल वेगळी होते, आणि चूल वेगळी झाली की घर फुटलं. गिरणी बंद पडल्यावर दोन भाऊ दोन टोकांना गेले, तेव्हा सोनूबाईंनी निघायच्या दिवशीही सगळ्यांना मोठ्या परातीत एकत्र जेवायला बसवलं होतं.

तर असा हा जालीम उपाय. माणसांचा कायदा मांजरांना लावायचा, हे सुचायलासुद्धा मालवणी डोकं लागतं. स्टीलचं एक ताट काढलं, त्यात उकडलेली बारीक मांदेली मासळी आणि भात कालवला, आणि दोघांना समोरासमोर बसवलं. आणि काय सांगू, कशाचा आवाज नाही. भोपळ्या एका बाजूला, सुरमई दुसऱ्या बाजूला, दोघं माना खाली घालून. स्टूल पडत नाही, कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. प्रेमाने तर हात जोडले आणि सासूबाईंच्या फोटोकडे बघितलं. त्या दिवसापासून कायदा ठरला. दोन्ही वेळचं जेवण एका ताटात, आणि हॉलमध्ये कुस्ती सुरू झाली की झाकण.

काही आठवड्यांतच सुरमईच्या बरगड्या हाताला लागायला लागल्या. मग तिने प्रेमाच्या इस्त्रीच्या साड्यांवर मुतून ठेवलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ती कपाटावर चढून बसायला लागली. दोघी तिला घेऊन डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दात बघितले, पोट दाबलं. सगळं ठीक. मग त्यांनी विचारलं, ही निवांत जेवते का? दोघी एका सुरात म्हणाल्या, तर काय, दोघं एकाच ताटात जेवतात, हूं की चूं नाही. डॉक्टरीणबाई यावर काहीतरी बोलायला लागल्या होत्या. पण प्रेमाने, आमच्या सासूबाई होत्या ना, म्हणून जी सुरुवात केली, ती पुढचा पेशंट आत येईपर्यंत. बोलायचं ते राहूनच गेलं.

आणि एका दुपारी व्हायचं ते झालं. ताट समोर ठेवलं, सुरमईने तोंड पुढे नेलं, आणि भोपळ्याच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की रत्नप्रभाच्या हातातला डाव खाली पडला. रडणं, किंचाळणं, केसांचे पुंजके. प्रेमाने, वेड्या बाईने, दोघांच्या मध्ये हात घातला. दात भोपळ्याचे होते. हात मनगटापर्यंत सुजला, इंजेक्शनं घ्यावी लागली, पांढरं बँडेज आलं.

नितेश मुलुंडहून धावत आला. पोरगा गुणाचा, आईवर जीव टाकणारा, काकीलाही कधी उलटून बोलला नाही. म्हणूनच तो जे बोलला ते जास्त लागलं. तो म्हणाला की काकी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पण आता पुरे. मांजरांचं पटत नाही, तुमचं दोघींचंही सकाळी उठल्यापासून चालूच असतं. मी फोन केला की मागे भांडणाचा आवाज. या वयात आईला शांतता पाहिजे. निधी गोळी घ्यायला तयार आहे, बाल्कनीला जाळी बसवून घेतली आहे, सुरमईसुद्धा तिथे राहील. रविवारी येतो आणि घेऊन जातो.

प्रेमाने रत्नप्रभाकडे बघितलं. रत्नप्रभा बँडेजकडे बघत होती. तिच्या बोक्याने चावलं होतं. कुठल्या तोंडाने म्हणणार, की राहा? मग प्रेमा म्हणाली, बरं.

त्या रात्री रत्नप्रभाला झोप लागली नाही. रविवारनंतर पुन्हा टीव्ही सुरू होणार, पुन्हा एका माणसाची आमटी, एवढं तिला दिसत होतं. पण रडत बसणारी बाई नव्हती ती. तिने मनाशी हिशेब मांडला. प्रेमा जाते आहे ती मांजरांच्या भांडणामुळे. भांडण मिटलं, तर नितेशला न्यायचं कारणच उरत नाही. म्हणजे रविवारच्या आत मांजरांचं भांडण मिटवायचं. आणि मिटवायचं तर आधी ते नीट बघायला हवं, जे तिने आजवर एकदाही केलं नव्हतं. आजवर ती फक्त झाकण घेऊन धावत होती.

सकाळी चहाचा कप घेऊन ती हॉलमध्ये खुर्ची टाकून बसली. झाकण मुद्दाम ओट्यावर ठेवलं. रोजच्याप्रमाणे भोपळ्या सोफ्यावरून पडला, सुरमई खाली, धडाधड लाथा. रत्नप्रभाचे पाय आपोआप उठायला लागले, ते तिने दाबून धरले. आणि मग तिला एक गोष्ट लक्षात आली, तशी साधीच. एवढा गोंधळ चालला होता, पण आवाज सगळा स्टुलाचा, टीपॉयचा, पायपुसण्याचा. दोन मांजरांपैकी एकाच्याही गळ्यातून काही निघत नव्हतं. ना गुरगुर, ना फिस्कारणं. कान ताठ, पुढे वळलेले. भोपळ्याने मान धरली होती, पण नुसती तोंडात ठेवल्यासारखी. दात रोवले असते तर ती पोर गप्प राहिली असती का?

मग तर त्याने कमालच केली. तो आडदांड बोका, सुरमईच्या चौपट, मध्येच आपणहून पाठीवर पडला, चारी पाय वर, आणि तिला अंगावर येऊ दिलं. ती आली. त्याच्या कानाला लोंबकळली. थोड्या वेळाने दोघं थांबले, ती आपला पंजा चाटत बसली, तो जांभई देत. रत्नप्रभाला वाटलं संपलं. तर सुरमईनेच जाऊन त्याच्या शेपटीवर टपली मारली आणि पळाली. मार खाणारा असा स्वतः उठून मार खायला जातो होय?

अगं बाई, असं ती मोठ्याने म्हणाली. खात्री करावी म्हणून तिने एकदा जोरात टाळी वाजवली, झाकणासारखी. दोघं दचकून उडाले, सुरमईची शेपूट फुगून बाटली धुवायच्या ब्रशाएवढी झाली, आणि एकमेकांकडे बघून दोघंही फिस्कारले. म्हणजे खेळात भांडण घालत होतं कोण? ती स्वतः. रोज, दोन-दोन वेळा, उलथनं घेऊन.

दुपारी तिने ताट ठेवलं आणि पाटावर जवळ बसली. दोघं माना खाली घालून समोरासमोर. नेहमीसारखं शांत, दृष्ट लागावी असं. पण आता ती वरवरचं बघत नव्हती. भोपळ्या खात नव्हता. त्याचं तोंड ताटात होतं आणि डोळे सुरमईवर, पापणीसुद्धा हलत नव्हती. कान मागे डोक्याला चिकटलेले. सुरमईने घाईघाईने एक मांदेली ओढली आणि मागे सरकली. पुन्हा पुढे यायला लागली तसा तो अंगाने आडवा झाला. मारलं नाही, नुसता आडवा झाला. त्याच्या पोटातून अगदी हळू काहीतरी गुरगुरत होतं, लांबच्या घरातल्या मिक्सरसारखं. सुरमई थोडा वेळ उभी राहिली आणि कपाटावर जाऊन बसली.

रत्नप्रभाला रडूच आलं. हे रोज चालू होतं, तिच्या नाकासमोर, आणि दोघी सासूबाईंच्या फोटोला हात जोडत होत्या. तिने ताट उचललं. बिचाऱ्या पोरीला उपाशी मारलं आम्ही, असं ती भोपळ्याला म्हणाली. आणि तुला तरी काय बोलू, तूही दोन्ही वेळ पहारा देऊन दमला असशील.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमा अंघोळीला गेली होती, तेव्हा तिने दोन ताटल्या काढल्या. एक स्वयंपाकघरात गॅसच्या सिलेंडरपाशी, भोपळ्यासाठी. एक पार आतल्या खोलीत, खिडकीखाली, सुरमईसाठी. मधलं दार ओढून घेतलं आणि फटीतून बघत राहिली. सुरमईने आधी इकडे तिकडे बघितलं, कोणी नाही. मग जी खायला लागली ती ताटली चाटून पुसून साफ होईपर्यंत थांबली नाही. शेवटी तिथेच पसरून पोट चाटायला लागली. कितीतरी दिवसांत रत्नप्रभाला एवढं बरं वाटलं नव्हतं. जमलं बाई, असं तिला झालं.

प्रेमा डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. तिने एक ताटली बघितली. मग दुसरी बघितली. आणि तशीच खोलीत गेली.

रत्नप्रभाच्या लक्षात काहीच आलं नाही, एवढी ती खुशीत होती. जेवताना तिने प्रेमाला सगळं रंगवून सांगितलं, कुस्ती कशी खोटी, ताटातली शांतता कशी खरी भांडणाची, कान कसे, गळा कसा. नेहमीची प्रेमा असती तर म्हणाली असती, तू कधीपासून मांजरांची डॉक्टर झालीस? तिने बोका किती खोटारडा आहे इथून सुरुवात करून उत्तराच्या लग्नातल्या मानपानापर्यंत मजल मारली असती. ती म्हणाली, बरोबर आहे तुमचं, जाऊबाई.

जाऊबाई. तुमचं. चाळीस वर्षांत प्रेमाने तिचं म्हणणं वाद न घालता मान्य केलं असं पहिल्यांदाच घडत होतं. रत्नप्रभाने मुद्दाम आमटीत मीठ जास्त घातलं. प्रेमाने ती मुकाट्याने खाल्ली, वर छान झाली आहे असं म्हणाली. नेहमीसारखी वयनी म्हणून तिने हाक मारली नाही की गो म्हणून खेकसली नाही. दुपारी दोघी एकाच सोफ्यावर बसल्या, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. संध्याकाळी प्रेमाने पलंगाखालून आपली मोठी बॅग काढली आणि दार लावून घेतलं. आतून चेन ओढल्याचा आवाज आला. खालचे अण्णा दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीपाशी भेटले तेव्हा त्यांनी आनंदाने विचारलं, काय, हल्ली अगदी शांतता आहे तुमच्याकडे. रत्नप्रभाने उरलेले सुट्टे पैसेही न घेता पाय उचलला.

तिला तेव्हा उमगलं. भाजीची पिशवी हातात घेऊन ती जिन्यात थांबली. प्रेमाला मांजरं दिसलीच नव्हती. तिला दिसली होती ती दोन ताटं. सोनूबाईंच्या सुनेला दोन ताटांचा एकच अर्थ माहीत होता, आणि ती ताटं वेगळी केली होती थोरलीने, मुलगा न्यायला यायच्या दोन दिवस आधी. म्हणजे घालवूनच दिलं की. रत्नप्रभाने स्वतःच्या कपाळावर हात मारला. तिला जिना धावत चढावासा वाटला. पण वर जाऊन प्रेमाचा तो गोड, सभ्य चेहरा बघितला की ती मुकाट भाजी निवडायला बसायची. भांडायचं कसं ते तिला येत होतं. थांब म्हणायचं कसं, ते कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

रविवार आला. नितेश आला, हातात मांजराची नवी कोरी बास्केट. टॅक्सी खाली उभी होती. प्रेमा चांगली साडी नेसून, हात मांडीवर ठेवून बसली होती. बॅग दाराशी. हॉलमध्ये भोपळ्या आणि सुरमई यांची रोजची कुस्ती रंगात आली होती. मधल्या दिवसांत पोटभर जेवून सुरमईच्या अंगात जरा जोर आला होता, त्यामुळे आज तीच वरचढ. नितेशने ते बघितलं आणि घाबरून दोघांच्या मध्ये हात घालायला वाकला.

"हात लावू नको त्यांका," दोघी एकदम ओरडल्या.

नितेश वाकलेला तसाच राहिला. रत्नप्रभाने प्रेमाकडे बघितलं. म्हणजे हिने ऐकलं होतं सगळं. शब्द न् शब्द ऐकला होता, आणि हिला पटलंही होतं. मग तरीही बॅग दाराशी? रत्नप्रभाच्या डोळ्यांपुढे ते दार आलं, नितेश बाहेर, प्रेमा बाहेर, सुरमई बास्केटमध्ये, आणि आत आपण आणि टीव्ही. तेव्हा मात्र तिचा धीर सुटला.

"माका एकटीक ऱ्हवूक जमाचा नाय, प्रेमा," ती म्हणाली. "ताटां मी मांजरांची वेगळी केलंय. तुझा-माझा ताट वेगळा करूची माझी छाती नाय. तू जाव नको."

म्हणाली आणि ताडताड चालत दाराशी गेली, बॅग आत फेकून द्यायला. बॅग मोठी, वर्षाचा संसार भरलेला असणार, म्हणून तिने कंबर कसून, दोन्ही हातांनी जोर लावून उचलली. आणि बॅग अशी काही अलगद वर आली की रत्नप्रभा मागच्या मागे जाऊन चपलांच्या स्टँडवर आदळली. नितेश धावला. तिने त्याला हाताने बाजूला सारलं आणि बॅगेची चेन ओढली. आत एक उशी होती. बाकी काही नाही. साड्या नाहीत, औषधं नाहीत, कंगवासुद्धा नाही.

प्रेमाने मान दुसरीकडे फिरवली, पण तिचे कान लाल झालेले दिसत होते.

"साडये कपाटातच आसत," ती शेवटी पुटपुटली. "माका वाटला, तू अडवशील. बॅग काढलंय तेव्हा अडवशील, चेन लावलंय तेव्हा तरी अडवशील. कान देवन बसलंय होतंय दाराआड."

"आणि नसता अडवला तर?"

"तर काय." प्रेमाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "उशी घेवन गेलंय असतंय. आणि थंय जावन तिच्यावर रडलंय असतंय."

रत्नप्रभाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्याच पाण्यात तिचा पारा चढला. चार दिवस मी डोळ्याला डोळा लावला नाही, खारट आमटी गिळलीस ती कुठल्या तोंडाने छान म्हणालीस, आणि ही उशी माझी आहे, माझ्या पलंगावरची, मी घरभर शोधत होते. प्रेमानेही पदर खोचला. तुझी कशी, माझ्या माहेरच्या कापसाची उशी आहे ती, आणि आमटीचं म्हणशील तर गणपतीत तू काय केलं होतंस ते काढू का. रत्नप्रभा म्हणाली, काढ. प्रेमाने काढलं. दोघींचे आवाज चढत चढत छताला लागले, उशी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जाऊ लागली, आणि मध्येच प्रेमाने बँडेजच्या हाताने जावेचे डोळे पुसले, तेही बोलणं न थांबवता.

नितेशने दोनदा विचारलं की टॅक्सी सोडू का. कोणाला ऐकूच गेलं नाही. शेवटी तो आपणच खाली गेला आणि टॅक्सीवाल्याला पैसे देऊन वर आला. जिन्यात अण्णा भेटले, काळजीने वर बघत होते. त्यांना तो काय म्हणाला ते रत्नप्रभाने ऐकलं नाही, कारण ती तेव्हा प्रेमाला विचारत होती की आता दुपारचे बारा वाजले, पोरगा उपाशी आला आहे, बोंबील तू साफ करतेस की मी करू, आणि प्रेमा सांगत होती की तुझ्या हातचे साफ केलेले बोंबील खाल्ले नसते तर सोनूबाई अजून जिवंत असत्या.